दफ्तर, खतावणी आणि नक्कल

पुण्याच्या पुरालेखागारात, म्हणजे एकेकाळी एलिएनेशन ऑफिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी इमारतीत, पेशवाईचे दफ्तर कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहे. मराठी व इंग्रजी मिळून हे रुमाल पस्तीस हजारांच्या घरात जातात. त्यांत राजकारणाची पत्रे आहेत, लष्कराचे हिशेब आहेत. पण त्यांचा फार मोठा भाग सामान्य रयतेच्या नावांनी भरलेला आहे. कोणाच्या बैलावर किती जकात बसली, कोणाच्या वतनाचा तंटा कोणत्या साली निवडला, कोणत्या विधवेला किती नेमणूक चालू होती, कोणाचा गुन्हा माफ होऊन त्याला काय हरकी द्यावी लागली, असा लक्षावधी माणसांचा संसार त्या मोडी ओळींत नोंदला गेला आहे. ही नोंद करणारे सरकार होते, नोंद ज्यांची झाली ती प्रजा होती. आणि आपल्याविषयी काय लिहिले गेले आहे हे पाहण्याचा, त्याची नक्कल मागण्याचा व सरकारने स्वतःविषयी काय लिहून ठेवले आहे तेही जाणून घेण्याचा अधिकार त्या प्रजेला कितपत होता, हा प्रश्न महाराष्ट्रात निदान तीन राजवटींत निरनिराळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा उभा राहिला. माहितीच्या अधिकाराची कथा आपण अलीकडच्या कायद्यांपासून सांगू लागतो, आणि त्यामुळे तिचा पूर्वरंग आपल्या दृष्टीआड होतो. तो पूर्वरंग पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

मराठेशाहीतील इनामाच्या सनदा ज्यांनी चाळल्या आहेत त्यांच्या ध्यानात शेवटच्या ओळींतील एक ठराविक हुकूम आला असेल. सनद परगण्याच्या अंमलदाराला किंवा गावच्या मोकदमाला उद्देशून लिहिलेली असते. अमुक जमीन अमुक इसमास दिली आहे, ती वंशपरंपरेने चालवावी, दरसाल ताज्या सनदेचा उजूर करू नये, असे सांगून झाल्यावर पुढे आज्ञा येते ती अशी की, या पत्राची तालीक लिहून घेऊन असल पत्र भोगवटियास परतोन द्यावे. तालीक म्हणजे नक्कल. कचेरीने नक्कल ठेवावी आणि अस्सल कागद ज्याच्या हक्काचा असेल त्याच्या घरी जावा, हा क्रम आज आपल्याला उलटा वाटतो, कारण अस्सल कागद सरकारी तिजोरीत आणि नागरिकाच्या हाती सही-शिक्क्याची प्रत, ही व्यवस्था आपल्या अंगवळणी पडली आहे. जुन्या कारभाराला मात्र कागद हा हक्काचा देह वाटत असे, आणि तो हक्कदारापाशी असणे त्याला स्वाभाविक वाटे. वतनाच्या तंट्यातही तेच. गोतसभा भरे, साक्षी होत, महजर लिहिला जाई, त्यावर लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी करी, इतर बलुतेदार आपापल्या धंद्याची चिन्हे उमटवीत, आणि निवाडा ज्याच्या बाजूने झाला त्याला निवाडपत्र मिळे. निवाडा चारचौघांसमक्ष झालेला असल्यामुळे त्या कागदातील मजकूर गावाला ठाऊक असे.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिच्या मर्यादा झाकणे हा इतिहासाशी द्रोह ठरेल. अस्सल पत्र भोगवटियास परत जाई. परंतु भोगवटाच ज्याच्या नशिबी नव्हता त्याचे काय? वतनदार, इनामदार, देवस्थाने, जोशी-कुलकर्णी यांच्या घरांत कागदांच्या चळती साठल्या. गावकुसाबाहेरच्या माणसाचे नाव दफ्तरात आले ते बहुधा चाकरीच्या, वेठीच्या वा दंडाच्या नोंदीत. महार समाजाने आपल्या बावन्न हक्कांची परंपरा बेदरच्या बादशहाच्या सनदेपर्यंत नेऊन पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली. ज्यांच्या हाती कागद येऊ दिला नाही त्यांनी सनद स्मृतीत जपली, असाच त्याचा अर्थ मला लागतो. आणि ज्या कुणब्याच्या नावाने कुलकर्ण्याच्या दफ्तरात पानेच्या पाने भरली जात, त्याला ती वाचता येत नव्हती. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा करताना कुलकर्ण्याच्या लेखणीवर जो रोष धरला त्याचे मूळ इथे आहे. कागद पाहण्याचा अधिकार आणि कागद वाचण्याची विद्या यांची फारकत झाली की पहिला असून नसल्यासारखा होतो.

1818 साली पेशवाई बुडाली तेव्हा एल्फिन्स्टनने जी कामे तातडीने हाती घेतली त्यांत दफ्तर ताब्यात घेणे हे एक होते, आणि ते मॅक्लिऑड नावाच्या अधिकाऱ्याकडे सोपवण्यात आले. नाना फडणिसांच्या अमदानीपर्यंत हुजूर दफ्तरात दोनशेच्या आसपास कारकून राबत असत. रोजकीर्द, घडणी, खतावणी, ताळेबंद अशा पायऱ्यांनी प्रत्येक रकमेचा माग काढता येई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ही शिस्त विसकटली, कारकून पांगले, आणि लोकांनी कागद घरी नेले तरी त्यांना कोणी हटकले नाही, असे मॅक्लिऑडला दिसून आले. नव्या सरकारने उरलेसुरले गोळा केले, लावले, बांधले. या जतनाबद्दल त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु जतनाचा हेतू काय होता, हे पुढच्या तीस-चाळीस वर्षांत उघड झाले. इनाम कमिशनचे काम 1843 पासून दक्षिण महाराष्ट्रात सुरू झाले आणि 1852 च्या अकराव्या कायद्याने त्याला पुरते बळ मिळाले. प्रत्येक इनामदाराने आपली सनद हजर करावी, कमिशनने ती दफ्तरातील नोंदीशी ताडून पाहावी, आणि पुरावा अपुरा ठरल्यास जमिनीवर आकार बसवावा, अशी ही पद्धत होती. परगण्यांच्या देशमुख-देशपांड्यांपाशी असलेले कागदही या कामी जमा करण्यात आले.

या चौकशीतील अन्याय अनेकांनी वर्णिला आहे, आणि खोट्या सनदांचा सुळसुळाट होता हेही खोटे नाही. मला ज्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे ती निराळी आहे. पूर्वी हक्कदाराच्या घरी अस्सल आणि कचेरीत नक्कल असे; आता कचेरीतील नोंद प्रमाण झाली आणि घरातील अस्सल संशयित. ज्या दफ्तराच्या आधारे इनाम राहणार किंवा जाणार, ते दफ्तर वादीच्या ताब्यात, वादी हाच न्यायाधीश, आणि प्रतिवाद्याला मात्र त्यातला एक रुमालही मोकळेपणाने सोडून पाहण्याची मुभा नाही! शंभर वर्षे घरात चालत आलेल्या जमिनीचा निकाल ज्या ओळीवर लागला ती ओळ मूळ पानावर कशी लिहिली आहे, तिच्या वर काय आणि खाली काय, हे पाहता न आलेला इनामदार जी खंत उरी बाळगून मेला ती महसुलाच्या खंतीहून वेगळी होती. पुढे दफ्तर कुलूपबंद ठेवण्यामागे सरकारला जी भीती वाटत राहिली तिच्यात हीच गोष्ट प्रमुख होती: रुमाल सुटले तर मिटवलेले दावे पुन्हा उभे राहतील.

सरकारी दफ्तराचे हे असे झाले. परंतु त्याच काळात, त्याच मुलखात, माणसाच्या नशिबाची नोंद ठेवणारे दुसरे एक दफ्तर घरोघर वाढत होते, आणि ते सावकाराचे होते. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू कुळाच्या रक्षणाचा असेल. परिणाम असा झाला की दर तीन वर्षांनी सावकार जुन्या मुद्दलात व्याज मिळवून नवे खत लिहून घेऊ लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या दिवसांत कापसाला सोन्याचा भाव आला तेव्हा पत वाढली, कर्जे वाढली. युद्ध संपले, भाव उतरले, त्यातच इंदापूरसारख्या तालुक्यांत फेरआकारणीने सारा वाढला. शेतकऱ्याने भरलेले रुपये, घातलेले धान्य, नेऊन टाकलेली वैरण यांतील काय जमेला धरले गेले आणि काय नाही, हे खातेवहीत होते. खातेवही सावकाराच्या पेटीत होती. आणि पेटीची किल्ली मागण्याची कुळाची प्राज्ञा नव्हती. नव्या खताखाली नांगराची निशाणी उमटे, ती जुन्या खताचा हिशेब न पाहता.

12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, बाजारच्या दिवशी, जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. सुप्यात कापड लुटले गेले, धान्य लुटले गेले, हे खरे. तथापि पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले तेव्हा सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळालाही एक गोष्ट नमूद करणे भाग पडले, ती अशी की दंगेकऱ्यांचे लक्ष खते, हुकूमनामे व हिशेबाचे कागद यांवर होते, आणि जिथे सावकाराने ते मुकाट्याने बाहेर काढून दिले तिथे सहसा त्याच्या अंगाला हात लागला नाही. गावच्या चावडीपुढे कागदांची होळी होई. ती पाहून हे लोक लेखी व्यवहाराचेच वैरी होते, असा निष्कर्ष काढणे सोपे असले तरी तो उतावीळपणाचा ठरतो. आपल्यावर ज्याची सत्ता चालते तो कागद आपल्याला पाहायला मिळत नाही, तपासायला मिळत नाही, दुरुस्त करून घेता येत नाही, अशी ज्याची कायमची अवस्था झाली आहे त्याच्यापुढे तो कागद नाहीसा करण्यापलीकडे दुसरा मार्ग तरी कोणता उरतो?

ब्रिटिश सरकारने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते कायद्याच्या इतिहासात अधिक मानाने सांगितले जायला हवे होते. 1879 चा सतरावा कायदा, म्हणजे दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कर्जनिवारणाचा कायदा, 1 नोव्हेंबर 1879 पासून पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत लागू झाला. कोर्टाने खताच्या तोंडच्या आकड्यावर न थांबता त्यामागचा व्यवहार आरंभापासून उकलून पाहावा, शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त गावच्या निबंधकासमोर व त्याच्या देखरेखीखाली लिहिला जावा, या त्यातल्या तरतुदींची चर्चा पुष्कळ झाली. तुलनेने उपेक्षित राहिले ते 64 ते 66 ही तीन कलमे. पैसे दिल्यावर लेखी पावती मिळण्याचा, दरसाल आपल्या खात्याचा उतारा मिळण्याचा, आणि आपला हिशेब ज्यात वेळोवेळी उतरवून दिला जाईल असे पासबुक मिळण्याचा हक्क या कलमांनी शेतकऱ्याला दिला. दुसऱ्याने आपल्याविषयी ठेवलेली नोंद आपल्याला दाखवली गेली पाहिजे, तिची प्रत आपल्या हाती आली पाहिजे, आणि हा उपकार नसून हक्क आहे, असे एका निरक्षर कुणब्याच्या बाबतीत कायद्याच्या भाषेत सांगितले गेले ते एकशेचाळीस वर्षांहून अधिक काळापूर्वी, आणि ते चावडीपुढे पेटलेल्या कागदांच्या प्रकाशात सांगितले गेले.

कायद्याने दिलेला उताऱ्याचा व पासबुकाचा हक्क मागावा लागत होता, आणि तो ज्याच्या उंबऱ्यावर उभे राहून मागायचा त्याच्याकडूनच पुढच्या मृगाला बियाणे उसने आणायचे होते. म्हणून हक्काच्या रचनेत नुसती मागणी पुरत नाही, देणाऱ्यावर कर्तव्य लादावे लागते. हे ध्यानी येऊन 1946 च्या मुंबईच्या सावकारी कायद्याने परवाना आणि हिशेबाचा उतारा देण्याचे बंधन सावकाराच्याच माथी बसवले. पण तोवर दोन पिढ्या उलटून गेल्या होत्या.

इकडे पेशव्यांचे दफ्तर बंदच होते. 1878 साली काव्येतिहाससंग्रह निघाला, त्यात काशिनाथ नारायण साने यांनी बखरी छापल्या. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस पटवर्धनांचे कागद वाचून ऐतिहासिक लेखसंग्रह सुरू केला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1898 मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि मग बावीस खंडांपर्यंत तो उद्योग गेला. या सगळ्या सामग्रीचा बहुतेक भाग खाजगी वाड्यांतील माळ्यांवरून, कोनाड्यांतून, वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी निघालेल्या रद्दीतून जमवावा लागला. कारण राष्ट्राच्या इतिहासाचा मुख्य ठेवा पुण्यातच असूनही पुण्याच्या संशोधकाला त्याचे दार बंद होते. गणेश चिमणाजी वाड यांना रोजनिशींतील उतारे काढण्याची सवड मिळाली आणि ते 1902 पासून नऊ खंडांत प्रसिद्ध झाले. त्या उताऱ्यांच्या आधारे न्यायमूर्ती रानडे यांनी 1900 साली जो निबंध वाचला त्यात राजांच्या स्वाऱ्यांना मागे सारून करपद्धती, न्याय, टपाल, सामाजिक सुधारणा यांवर भर दिला, यावरून दफ्तरातून कोणता महाराष्ट्र बाहेर येऊ शकतो याची कल्पना यावी. 1910 साली राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. दफ्तर संशोधकांना खुले करा, ही मंडळाच्या वर्तुळातील जुनी मागणी होती. राजवाडे 1926 साली गेले. ती मागणी पुरी झालेली त्यांना पाहायला मिळाली नाही.

दार किलकिले झाले ते 1929 नंतर. सर फ्रेडरिक साइक्स हे मुंबईचे गव्हर्नर असताना, आणि जदुनाथ सरकार यांच्या आग्रहाचे पाठबळ मिळाल्यावर, बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झालेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे निवडक कागद छापण्याचे काम सोपवण्यात आले. वयाच्या पासष्टीत त्यांनी मूठभर मदतनिसांसह हजारो रुमाल सोडले, पाहिले, पुन्हा बांधले, आणि 1930 ते 1934 या अवघ्या काही वर्षांत पंचेचाळीस खंड बाहेर काढले. या परिश्रमाला तोड नाही. असे असूनही पुण्याच्या मंडळींनी या योजनेला विरोध केला, आणि त्या विरोधात व्यक्तिगत मत्सराचा अंश कितीही असो, त्याचा गाभा मला आजही न्याय्य वाटतो. कागद कोणी निवडावेत, कोणते छापावेत, कोणते रुमालातच राहू द्यावेत, हे एका विश्वासू गृहस्थाने ठरवणे आणि कोणाही अभ्यासकाला दफ्तरात बसून स्वतः पाहता येणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. पहिल्या गोष्टीत सरकार प्रजेला काही देते. दुसरीत प्रजा आपले पाहून घेते. सरदेसायांची निवड उत्तम होती. तथापि राजकारणाच्या पत्रांकडे त्यांचा ओढा असल्यामुळे जमाखर्चाचे, गावच्या तंट्यांचे, बाजारभावांचे अफाट कागद तेव्हा मागे राहिले, आणि महाराष्ट्राच्या आर्थिक व सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना पुढे त्यांच्यासाठी नव्याने रुमाल सोडावे लागले.

चालू कारभाराच्या कागदांची कथा याहून कठोर आहे, परंतु तिच्यात वळणे थोडी. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याने, ज्याला सार्वजनिक दस्त पाहण्याचा हक्क आहे त्याला फी घेऊन नक्कल द्यावी असे म्हटले. तो हक्क कोणाला आहे, हे मात्र सांगितले नाही. 1889 साली सरकारी गुपितांचा कायदा आला, 1923 साली तो अधिक कडक झाला. कारभार असा झाकलेला असला की चोरवाटांनी आलेल्या कागदांवर विसंबणे वर्तमानपत्रांना भाग पडते. कोल्हापूरच्या दिवाणांच्या नावावर असलेली पत्रे बनावट निघाली आणि त्यापायी टिळक-आगरकरांनी 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस काढले, तो प्रसंग या दृष्टीनेही वाचण्यासारखा आहे. स्वातंत्र्यानंतर जमिनीच्या कागदांपुरते दार उघडे राहिले. 1966 च्या महसूल संहितेने नकाशे व अधिकारअभिलेख पाहण्यास खुले ठेवले, आणि सातबाराचा उतारा ही मराठी माणसाच्या परिचयाची एकमेव सरकारी नक्कल झाली. बाकीच्या कारभारावर 1923 चीच छाया होती.

ती छाया हटवण्याची निकड पुन्हा एकदा हिशेबाच्या कागदावरूनच निर्माण झाली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून गावोगाव जनसुनवाया भरवल्या आणि दुष्काळी कामांचे हजेरीपट लोकांसमोर वाचून दाखवले. मेलेल्या माणसांची हजेरी, कामावर कधी न गेलेल्यांची मजुरी त्यांतून बाहेर आली. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मस्टरची ओळख ज्यांना आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. मस्टरवर मजुराचे नाव असते, अंगठा असतो, दिवस आणि रक्कम असते. एका अर्थाने तो त्या मजुराचा खाजगी हिशेब, दुसऱ्या अर्थाने सरकारी खर्चाचा सार्वजनिक पुरावा. सुप्याचे कूळ आणि इनाम कमिशनपुढचा इनामदार असे दोघेही त्या एका कागदावर भेटतात. महाराष्ट्रात 2000 साली माहितीच्या अधिकाराचा पहिला, दुबळा कायदा झाला. त्यावर असंतोष वाढून 2002 चा सुधारलेला कायदा आला. त्याच्या संमतीसाठी ऑगस्ट 2003 मध्ये अण्णा हजारे यांना आझाद मैदानावर उपोषणास बसावे लागले. आणि 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर अमलात आला. दहा रुपयांची फी, तीस दिवसांची मुदत, कारण सांगण्याची सक्ती नाही. दफ्तर पाहण्याचा, टाचणे घेण्याचा, नकला मिळवण्याचा हक्क कोणाही नागरिकाला मिळाला.

या कायद्याच्या आठव्या कलमात व्यक्तीच्या खाजगी माहितीला संरक्षण होते, पण ते मोजूनमापून दिलेले होते. ज्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही ती नाकारता येई, आणि जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारू नये, असे परंतुकही त्याला जोडलेले होते. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षणाच्या कायद्याने ते मोजमाप आणि ते परंतुक दोन्ही काढून टाकले व ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच अपवादाचे कारण पुरेसे केले. सार्वजनिक हित वरचढ असल्यास माहिती देता येते हे दुसरे पोटकलम तेवढे शिल्लक आहे. त्याच 2023 च्या कायद्याच्या अकराव्या कलमाने मात्र नागरिकाला, आपल्याविषयी कोणती माहिती साठवली आहे व ती आणखी कोणाला दिली आहे हे विचारण्याचा हक्क दिला. 1879 चे पासबुक या रूपाने परत आले, आणि ज्या हजेरीपटावर नाव आहे म्हणूनच तो पाहायचा असतो तो हजेरीपट, त्यावर नाव आहे या सबबीवर नाकारण्याची सोयही झाली. खाजगीपणाचे मोल मी कमी लेखत नाही. आपले दुखणे, आपले घर, आपला विवाह यांची वास्तपुस्त परक्याने करू नये, हे सभ्य समाजाला शोभणारेच आहे. परंतु सरकारी तिजोरीतून रक्कम उचलणाऱ्या हाताचे नाव हे त्या सदरात बसत नाही, आणि बसवले तर राजस्थानच्या मजुराने जे मिळवले ते कागदोपत्री राहून हातचे जाईल.

2023 च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या मागणीवरून न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमली गेली तेव्हापासून तहसील कचेऱ्यांच्या अभिलेखकक्षांत माणसांची रीघ लागली. पणजोबाच्या नावापुढे जुन्या नोंदवहीत काय लिहिले आहे, एवढे पाहण्यासाठी लोक तालुक्याच्या गावी खेटे घालू लागले. नक्कल मिळाली तर ती मोडीत. मोडी वाचणारा जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. पुरालेखागाराकडून मोडीचे वर्ग चालवले जातात. त्यांची संख्या वाढवून प्रत्येक तालुक्याच्या कचेरीत निदान एक मोडी जाणणारा कारकून पगारावर ठेवावा आणि अर्जदारासमोर नोंद वाचून दाखवणे हे त्याचे काम म्हणून लिहून द्यावे, याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.